भुंकण्याची नोंद

कौन्सिलच्या खिडकीतून नेरिडाने कागद सरकवला.
म्हणाली, तक्रार तोंडी चालत नाही, मर्व्हिन.
चौदा दिवस लिहून काढ:
तारीख, वेळ, किती मिनिटं,
आणि शेवटच्या रकान्यात
तुमच्यावर झालेला परिणाम.

मग नियम वाचून दाखवले, चष्मा नाकावर ओढून.
घरटी दोन कुत्री, तिसऱ्याला वेगळा परवाना.
गळ्यात बिल्ला, कातडीखाली चिप.
मांजर असेल तर रात्री दाराआड.
भुंकायला बंदी नाही.
उपद्रव होईल इतकं भुंकायला आहे.
इतकं म्हणजे किती, मी विचारलं.
तेच तर तू मोजायचंस, म्हणाली.

मी पाव भाजतो. रात्री एकला भट्टी पेटते,
सकाळी सातला घरी येतो भुवयांत पीठ घेऊन,
आणि गाव उठतं तेव्हा पडदे ओढतो.
पर्थपासून तीन तास आत, गव्हाच्या पट्ट्यात,
इथे दुसरा आवाज असतो कुठे?

सोमवार. सात चाळीस. पासष्ट मिनिटं.
परिणाम: झोप नाही.
सोमवार. दोन पन्नास. पुन्हा तेच.
परिणाम: वरीलप्रमाणे.
मंगळवार. सात चाळीस.
बुधवार. सात चाळीस.
घड्याळ लावून घ्यावं असं कुत्रं.

गुरुवारी लक्षात आलं,
मी उतरवून काढतोय ते शाळेच्या बसचं वेळापत्रक.
शेजारची लीथ कोवालचिक ती बस चालवते.
पिवळ्याधमक कॅनोलातून सोळा पोरं वेचत जाते,
आणि टपर फाटकाशी उभा राहून
तिला गावाच्या टोकापर्यंत सोडायला जातो,
आवाजानेच.

शुक्रवार. अकरा वीस. हे वेळापत्रकात नव्हतं.
अनवाणी बाहेर गेलो, हातात पेन.
कुंपणाच्या फटीत निळ्या जिभेचा एक जाडजूड सरडा
उन्हाला पसरलेला,
आणि टपर त्याच्यावर नाही,
हातभर अलीकडच्या खांबावर भुंकतोय.
तेव्हा दिसलं, एक डोळा दुधासारखा.
दुसऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाला.
मिनिटं: चार.
परिणाम: सरडा निघून गेला.

दुसरा आठवडा. सोमवार. सात चाळीस.
काही नाही.
सात पन्नास. पेनाचं टोपण काढून बसलोय.
दोन पन्नास. नाही.
मंगळवार. नाही.
शून्य लिहायला जागा पुष्कळ आहे कागदावर,
त्याचा परिणाम लिहायला रकाना अपुरा पडतो.
काय काय मनात आलं. भुंकू न देणारा पट्टा.
डॉक्टरची गाडी. किंवा माझ्याआधीच दुसऱ्या कुणाचा कागद.
तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात म्हणे.
पण मला ते माहीत होतं.

बुधवारी पाव घेऊन गेलो. शिळा नाही, गरम.
लीथ पायजम्यातच दाराशी आली.
शाळांना सुटी ना, म्हणाली, दोन आठवडे.
टपर तिच्या पावलांवर आडवा, घोरत.
मी खिशातून काढून दिला, कुंपणाशी सापडलेला,
मागच्या वर्षीचा बिल्ला. निळा. चारशे सतरा.
महिनाअखेर नवा घ्यायचाय, म्हणाली,
नसबंदी झालेल्याला सवलत देतात,
म्हातारपणाला काही नाही.
मग जरा थांबून:
तू दिवसा झोपतोस ना रे? भुंकतो का फार?

तीस वर्षं भट्टीत हात घालतोय,
असं कधी भाजलं नव्हतं.
घड्याळ बघून भुंकतो, एवढंच म्हणालो.

कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. पाच दिवस कोरे.
परवा पावाच्या रांगेत नेरिडा विचारत होती,
पूर्ण झाला का.
मी तिला दोन बन जास्त दिले.

आज शाळा उघडली.
पडदे ओढलेत. उशी डोक्याखाली आहे,
कानावर नाही.
सात एकोणचाळीस.